चुलीसमोरची खिडकी

लूर्डसचा, माझ्या सगळ्यांत धाकट्या बहिणीचा, बाप्तिस्मा झाला ते १९३८ साल. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. बाप्तिस्म्याच्या जेवणाला आमच्या तारोडी गावातल्या घरात माणसं मावली नाहीत. पाद्रीबाबासुद्धा अंगणात माडाला टेकून जेवले. त्या दिवशी माझा बापूस, रॉक, म्हणाला, "आता पक्कं घर बांधायचं."

आमचं जुनं घर कुडाचं होतं, वर झावळ्या. आईची चूल पश्चिमेच्या कुडाला लागून होती आणि त्या कुडाला बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं एक भोक पडलेलं होतं. होडी बाहेर असली की भाकरी थापता थापता आई त्यातून समुद्राकडे बघायची. आमचं शीड दिसलं की भाताला आधण ठेवायची. बापूस ते भोक दर पावसाळ्यात लिंपायचा आणि आई पावसाळा सरला की बोटाने पुन्हा पाडायची. पक्क्या भिंतीला बोटाने भोक पाडता येणार नव्हतं. आईला तेवढीच काळजी होती.

माझा मामा मॅन्युएल मुंबईला फोर्टात घरांचे नकाशे काढणाऱ्यांच्या कचेरीत होता. तिथे तो नकाशे उन्हात धरून छापायचा. त्या कचेरीतले विजयकर म्हणून एक तरुण साहेब आमच्या घराचा नकाशा हौसेने काढून द्यायला तयार झाले. जागा केवढी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बापसाने हात पसरून दोरी मोजली, जशी आम्ही जाळ्याची दोरी मोजतो तशी, आणि मामाने निरोप नेला : रुंदी सात वाव.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर विजयकर साहेब आले. त्यांनी खाटेवर एक मोठा निळा कागद पसरला. त्यावर पांढऱ्या रेघा होत्या.

बापूस बराच वेळ बघत राहिला. "साहेब, घर कुठं हाय? ह्यो तर सगळा दर्याच काढलाय."

मामा हसायला लागला. "भावोजी, कागदच निळा असतो. ह्या रेघा म्हणजे भिंती. वरून बघितलेलं घर आहे."

मला ते फार नवल वाटलं. मी विचारलं, "घर वरून कोण बघतं?"

"कावळा आणि मी," साहेब म्हणाले.

मग मी खाटेच्या कडेवर उभी राहिले आणि कावळ्यासारखी खाली बघू लागले. दार म्हणजे भिंतीतली फट, पायऱ्या म्हणजे जवळजवळ काढलेल्या रेघा. एकदा कळलं, आणि मग मला ते घर दिसायलाच लागलं. बापसाला मात्र दिसेना. "मला जमिनीवर दाखव," तो म्हणाला.

म्हणून खुंट्या आणि दोऱ्या काढल्या. मामा कागदावरचे फूट वाचायचा, सहांनी भागून वाव सांगायचा आणि बापूस हात पसरून दोरी मोजायचा. तासाभरात दोरीचं घर उभं राहिलं. दोन्ही बाजूंना चालायला जागासुद्धा उरली. शेजारचा परशुराम कोळी कुंपणावरून बघत होता. तो म्हणाला, "रॉकशेट, घर झ्याक हाय, पण छप्पर विसरलास का रं?"

साहेबांनी मात्र आपली टेप काढली. एक खोली मोजली, दुसरी मोजली आणि ते थांबले. "सगळ्या खोल्या आखडल्यात. वाव म्हणजे सहा फूट ना?"

"वाव म्हणजे वाव," बापूस म्हणाला आणि त्याने हात पसरले.

साहेबांनी या हातापासून त्या हातापर्यंत टेप लावली. सव्वापाच फूट. आमचा बापूस ठेंगणा होता.

परशुराम कुंपणाला धरून हसला. "उंच माणसाकडनं मोजून घ्यायचं, जागा तरी वाढली असती!"

पण साहेब हसले नाहीत. कागदावरचं घर छत्तीस फुटांचं आणि जागा सारी पावणेसदतीस. भिंत परशुरामच्या कुंपणाला टेकत होती. पाच फूट कमी करायला हवे होते. साहेबांनी पेन्सिल काढली. "चूल मागे नेऊ. पूर्वेला पडवी काढू."

आई लूर्डसला माझ्याकडे देऊन उठली आणि दोरी ओलांडून आत गेली. आम्ही सगळे दोरीवरून पाय टाकत होतो, पण तिने पुन्हा बाहेर येऊन दार शोधलं आणि दारातून आत गेली. "साहेब, चूल कुठं?"

साहेबांनी मागची जागा दाखवली. आई तिथे मांडी घालून बसली. समोर फणसाचं झाड होतं.

"हितनं मला आमची होडी कशी दिसल?"

"पहिल्या नकाशात पश्चिमेला खिडकी होती, बाई. जागाच कमी पडली."

"ती दाखवा."

साहेबांनी जमिनीपासून साडेतीन फुटांवर हात धरला. आई पश्चिमेच्या दोरीपाशी जाऊन बसली. साहेबांचा हात तिच्या डोक्याच्याही वर होता. साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग पँट वर ओढून तिच्या शेजारी मातीत बसले आणि समुद्राकडे बघू लागले.

"आमच्याकडे बायका ओट्याशी उभ्या राहून रांधतात," ते हळूच म्हणाले. "मी विचारलंच नाही."

त्यांनी टेप काढून जमिनीपासून आईच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजलं. मग कागदावर रेघा खोडल्या. बैठकीची खोली अर्धी झाली आणि मागे गेली. चूल पुढे आली.

"चूल पुढं?" बापूस ओरडला. "पावणा आला की आधी चुलीपाशी?"

"पावणा काय भिंती बघाया येतंय?" आई म्हणाली. "जेवायाच येतंय न्हवं?"

"पावसाळ्यात पश्चिमेचा वारा चूल विझवेल," साहेब म्हणाले.

"पावसाळ्यात होड्या काठाला असतात. तवा झडप बंद. होडी भायेर असली की उघडी."

बापसाने खुंट्या उपटल्या आणि टेपेच्या मापाने पुन्हा ठोकल्या.

दीड वर्षाने घर झालं, मंगलोरी कौलांचं. खिडकीच्या झडपेला बापसाने होडीचा उरलेला हिरवा रंग लावला. गावातल्या बायका हसायच्या. मग एकेक जण येऊन आईजवळ बसून बघून जायची.

पन्नाशीनंतर मी अक्षरं शिकले, तेव्हा तो निळा कागद पेटीतून काढून वाचला. खिडकीपाशी साहेबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : "बसल्यावर डोळे दोन फूट चार इंच."

बापूस सांगायचा, १९४९ सालच्या त्या सोमवारी परतताना त्याला खडकांजवळूनच घर दिसलं. पाऊस नव्हता, तो स्वतः समुद्रात होता आणि झडप बंद होती, हिरवी. वाऱ्याने आईच्या उशाच्या मेणबत्त्या विझत होत्या, म्हणून झडप मीच बंद केली होती. त्याने शीड उतरवलं आणि उरलेलं अंतर वल्ह्याने आला.

माझी आई ज्युलियाना १९४९ साली, राखेच्या बुधवारानंतरच्या सोमवारी, तापाने वारली.