बिनपंख्याचं कार्ड

बुरुलने डोक्यावरचा रुमाल मागे सारून उजवा कान मोकळा केला आणि चालू कॉम्प्युटरच्या उघड्या कुशीला लावला. शेजारच्या गाळ्यातून गाणं ठणाणत होतं.

“मरीना, जरा त्यांना गप्प कर ना.”

गाळ्याची मालकीण मरीना पाकने पातळ भिंतीवर मूठ आपटली. गाणं थांबलं. मागे उरली ती पंख्यांची घरघर. एका ग्राफिक्स कार्डावर तीन पंखे.

“हे नको,” बुरुल म्हणाली. “हे घोरतंय.”

“घोरू दे की!” मागच्या खुर्चीतून मेदेरबेक म्हणाला. तो तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. सकाळीच नारीनहून गाडी घेऊन बिश्केकला आला होता आणि आपली उंच लोकरी टोपी, कल्पाक, मांडीवर ठेवून ठाण मांडून बसला होता. “केलिन, घ्यायचं तर दणकट घे. माझा पोरगा आदिल म्हणतो, ह्याच्यावर वाट्टेल तो खेळ चालतो.”

बुरुलची पन्नाशी उलटली होती, तरी त्या घराला ती अजून केलिनच होती, म्हणजे सूनबाई; आणि तिच्यासाठी मेदेरबेक बायके, म्हणजे दादा.

तिचा नवरा एसेन पानगळीत गेला. हिवाळा सरता सरता दिराच्या घरी सगळे जमले आणि ठरलं, की बुरुलचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि तिने नारीनला येऊन राहायचं. ते ठरत होतं तेव्हा ती सगळ्यांच्या वाट्यांत चहा ओतत होती. टीव्हीखालचा चपटा कॉम्प्युटर एसेनने स्वतः जुळवला होता. दर शुक्रवारी त्यावर सिनेमा लागायचा आणि खालीवरचे शेजारी सतरंजीवर दाटीवाटीने बसायचे. हिवाळ्यात त्याचं कार्ड जळालं. नेण्याआधी तो नीट करून घेऊ, असं मेदेरबेक म्हणाला, म्हणून ती दोघं इथे आली होती.

“आणि हे माझ्या डब्यात मावणारही नाही,” बुरुल म्हणाली. “केवढं हे धूड!”

“मोठा डबा घेऊ. आदिलच्या टेबलाखाली जागा आहे.”

बुरुलने मान वळवून दिराकडे पाहिलं. मग ती मरीनाकडे वळली.

“आवाज न करणारं आहे का एखादं?”

मरीनाने खणातून तळहाताएवढं कार्ड काढलं. त्यावर पंखा नव्हताच, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्या होत्या. “मोठ्या पडद्यावरचा सिनेमा न अडखळता दाखवेल. खेळ मात्र विसरा.”

ते जोडल्यावर बुरुलने पुन्हा कान लावला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली.

“ऐकू येतंय काही?” मेदेरबेकने विचारलं.

“काहीच नाही.”

“मग बंद असेल.”

“चालू आहे, बायके. पडदा बघा.”

पडद्यावर बर्फातून एक घोडा संथपणे चालला होता. मेदेरबेकने पाहिलं आणि कल्पाकची कड चुरगळली.

“ह्याच्यावर आदिलचे खेळ चालणार नाहीत.”

“नाही चालणार.”

“तुला कळतंय ना, केलिन?”

“कळतंय. म्हणून तर हेच घेतेय.”

मरीनाने खाली मान घालून उगाच वायर गुंडाळायला घेतली.

“परवा ट्रक येतोय सामान न्यायला,” मेदेरबेक हळू आवाजात म्हणाला.

“त्याला नको म्हणून सांगा.”

“लोक काय म्हणतील? एसेनची बायको एकटी राहते आणि भिंतीकडे तोंड करून सिनेमे बघते!”

“म्हणू देत. म्हणतील, आणि शुक्रवारी पुढची जागा मिळावी म्हणून लवकर येऊन बसतील.”

मरीनाला हसू फुटलं. मेदेरबेकने तिच्याकडे असं पाहिलं, की ती लगेच खोकली.

“घरात कर्ता पुरुष नको का कुणी?”

“तुम्हीही या ना, बायके. बोर्सोक तळून ठेवते.” बुरुल त्याच्याकडे वळली. “पण येताना पाहुणे म्हणून या.”

मेदेरबेक उठला. त्याने कल्पाक डोक्यावर ठेवला आणि गाळ्याबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. निघून मात्र गेला नाही.

मरीनाने कार्ड खोक्यात ठेवलं.

“बसवायला माणूस पाठवते. कुठे पाठवू? नारीनला?”

बुरुलने रुमालाची गाठ घट्ट केली आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात आपल्या रस्त्याचं नाव सांगितलं.

“आठवा मजला. लिफ्ट कधी असते, कधी नसते. मी असते.”