जिनिंगच्या रांगेतला डाव

अठ्ठावन्न साली दारव्ह्याच्या जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या बैलबंड्या खोळंबल्या, की तीन पत्तीचा डाव पडायचा. हरणाऱ्याने रांगेतली जागा सोडायची. नवशिका थावरसिंग चार डाव हरून पहिल्याचा पाचवा झाला होता. आजही घरी पोचला नाही, तर बायको माहेरची वाट धरणार होती.

"वाईट पानं आली का तुहं तोंडच उतरते," पहिल्या नंबरचे उकंडराव हसले. "माह्या नंबरासाठी खेळतं का? हरला तं शेवटी जाशील."

थावरसिंगने पानं पाहिली. दुर्री, चौकी, सत्ती. ती पालथी ठेवून तो उठला आणि निवांतपणे बैल जुंपू लागला.

"आत्ताच काहून जुंपतं रे?"

"नंबर आला न भाऊ माहा."

उकंडरावांनी पानं टाकली. बंडी फाटकात शिरल्यावर त्यांनी त्याची पानं उलटून पाहिली, आणि आपली राण्यांची जोडी गड्डीत मिसळली.