ड्रमवरचं पंच्याऐंशी

भावना रामटेकेच्या गॅरेजात गाड्या दुरुस्तीला कमी आणि वेग वाढवून घ्यायलाच जास्त यायच्या. बीरगांवच्या कारखान्यांमागचं ते पत्र्याचं शेड रायपूरच्या गाडीवेड्या मंडळींना नीट माहीत होतं. कुणाला इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवून हवा असायचा, कुणाला इंजिनच्या कॉम्प्युटरमधली गणितं बदलून हवी असायची. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पळवून झाल्यावर तिने स्वतःसाठी एक जुनी सेडान घेतली आणि ती इथेनॉलवर चालवायचं ठरवलं.

इथेनॉल म्हणजे शेवटी अल्कोहोलच. छत्तीसगढात ते तांदळाच्या कणीपासूनही बनतं. इंजिनात शिरताना ते हवा थंड करतं, त्यामुळे टर्बोचा दाब वाढवला, ठिणगी थोडी आधी पाडली, तरी इंजिन ठोकत नाही, म्हणजे आत इंधन अवेळी पेटून खडखडत नाही. फक्त ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त लागतं. म्हणून भावनाने इंधनाचा पंप बदलला, इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉलमध्ये टिकणाऱ्या नळ्या घातल्या. मग लॅपटॉप जोडून पंच्याऐंशी टक्के इथेनॉल आणि बाकी पेट्रोल अशा मिश्रणासाठी इंजिनची गणितं बसवली.

तिच्या आईला, मीराबाईंना, या प्रकाराचा वेगळाच ताप झाला होता.

"आपल्या घरात आजवर दारूचा थेंब नाही आला," त्या म्हणाल्या, "अन तू कॅन भरभरून आणून राहिली. तुझ्या कपड्यांचा वास त शेजारच्या शामरावच्या दारापर्यंत जाते. काल मले विचारे, मीराबाई, घरी सगळं बरं आहे ना म्हणून."

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, आमच्या घरी गाडी पिते."

मीराबाई रेल्वेत लोको पायलट होत्या. मालगाड्या चालवण्यात उमर गेली, गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी आपणहून निवृत्ती घेतली. आता त्या दुपारचा चहा घेऊन गॅरेजात येत आणि खुर्ची टाकून बसत. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या आवारात, मालकाला विचारून आणि आईला सोबत नेऊन, भावना सेडानचा सराव करायची. सुटताना दर वेळी पुढची चाकं जागच्या जागी फिरायची, रबर जळायचं, गाडी हलायची नाही. तीन-चारदा हे पाहिल्यावर मीराबाई उठल्या.

"सरक तिकडे."

"आई, ही मालगाडी नाही."

"भरलेली मालगाडी उठवताना चाक घसरू द्यायचं नसते. इथंबी तेच आहे. सरक."

पहिल्या खेपेला इंजिन बंद पडलं. दुसऱ्या खेपेला गाडी अशी सुटली, की शेजारच्या सीटवर भावनाचं डोकं मागे आपटलं. आवाराच्या टोकाला गाडी थांबवून मीराबाईंनी पदर नीट केला. त्या दिवशी भावनाने स्पर्धेच्या अर्जावर चालक म्हणून आईचं नाव लिहिलं.

स्पर्धा जानेवारीत, नव्या रायपूरला होती. एका रविवारी दोन सेक्टरांमधला रुंद, सरळ रस्ता परवानगी घेऊन बंद केला होता. दोन्ही बाजूंना कठडे, टोकाला अँब्युलन्स, आणि पलीकडे अजून माणसं राहायला न आलेल्या इमारती. दोन-दोन गाड्यांनी चारशे मीटर पळायचं, हरणारी बाद. इथेनॉलच्या गटात कुणाला वेगळा फायदा नको म्हणून इंधन आयोजकच देणार होते. निळ्या ड्रमांवर पांढऱ्या रंगात मोठ्ठं ८५ लिहिलेलं होतं.

बाकीचे लोक रांगेत टाक्या भरत होते. भावनाने आधी अर्धा पेला इंधन मागून घेतलं. तिच्या पेटीत काचेची एक नळी असायची. तिने नळीत थोडं पाणी घेतलं, वर इंधन ओतलं, बूच लावून जोरात हलवलं आणि नळी बॉनेटवर उभी ठेवली. इथेनॉल पाण्यात मिसळून खाली जातं, पेट्रोल वर तरंगत राहतं. नळीत वर पेट्रोलची बोटभर पट्टी दिसायला हवी होती. तिथे अर्ध्याहून जास्त इंधन वर तरंगत होतं. तिने नळी धुऊन पुन्हा केलं. तेच.

"काय झालं?" मीराबाईंनी विचारलं.

"ड्रममध्ये जे लिहिलं ते नाही, आई. निम्मंसुद्धा इथेनॉल नाही. एवढ्या दाबावर पळवली त पिस्टन फुटन."

"मग?"

"मग आयोजकांना सांगून येते. नंतर या इंधनासाठी गाडी नव्यानं बसवते."

तिचं लक्ष शेजारच्या काळ्या गाडीकडे गेलं. ती भिलाईच्या यशदीपची होती. या गटात भावनाला कुणाची धास्ती असेल तर त्याचीच. त्याच्या गाडीत इथेनॉल मोजणारा सेन्सर होता, आणि यशदीप बॉनेटखाली वाकून त्याच सेन्सरची वायर काढत होता.

"काहून काढून राहिला?"

"खराब हो गया, दीदी. चालीस-बयालीस बता रहा है. फिक्स सेटिंग पे चला लूंगा, पचासी वाली."

भावनाने वळून बॉनेटवरच्या नळीकडे पाहिलं. ती काहीच बोलली नसती तरी चाललं असतं. पहिल्याच शर्यतीत त्याचं इंजिन गेलं असतं.

"सेन्सर चांगला आहे," ती म्हणाली. "इंधन खोटं आहे. इकडे ये, दाखवते."

यशदीपने नळी दोनदा स्वतःच्या हाताने हलवून पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. "मुझे क्यों बताया?"

"मले तुझ्या गाडीसंग पळायचं आहे. ट्रेलरवर घातलेल्या गाडीसंग नाही."

तांत्रिक बाजू पाहणारे शालिग्राम साहू आधी मानायला तयार नव्हते. "मैडम, सप्लायर का कागज है मेरे पास." भावनाने वाद घातला नाही. दुसऱ्या ड्रममधलं इंधन त्यांच्याच माणसाकडून मागवलं आणि नळी त्यांच्या हातात दिली. पट्टी वर चढताना पाहून त्यांनी सप्लायरला फोन लावला. दोन मिनिटं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि सरळ माईक हातात घेतला. भरताना मिश्रण चुकलंय, इंधन चाळिशीच्या आसपास आहे, ज्यांना गाडी नव्याने बसवायची त्यांनी बसवावी, शर्यत थोडी उशिरा सुटेल, असं त्यांनी जाहीर केलं.

भावना लॅपटॉप मांडीवर घेऊन सीटवर बसली. तिने टर्बोचा दाब उतरवला, ठिणगी मागे घेतली, इंधनाचं प्रमाण कमी केलं. हे काम तिने इतरांच्या गाड्यांवर इतक्यांदा केलं होतं, की आकडे डोळ्यांपुढे आपोआप येत होते. "जोर थोडा कमी भेटन," ती आईला म्हणाली, "पण शेवटपर्यंत भेटन."

"जेवढा आहे तेवढा पुरते."

सगळ्यांनीच ऐकलं नाही. एका लाल हॅचबॅकच्या मालकाने "उन्नीस-बीस चलता है" म्हणून गाडी तशीच रेषेवर आणली. तिची जोडी मीराबाईंशी लागली. दिवे हिरवे झाले, दोन्ही गाड्या सुटल्या, आणि अर्ध्या रस्त्यात लाल गाडीतून खडखडाट झाला. मागे निळसर धूर पसरला. मीराबाई शेवटच्या रेषेपार गेल्या तेव्हा लाल गाडी कठड्यापाशी उभी होती आणि तिचा मालक बॉनेटवर हात ठेवून नुसता पाहत होता. त्यानंतर उरलेल्यांपैकी दोघे स्वतःच्या गाड्या घेऊन भावनाकडे आले. तिने त्यांनाही आकडे सांगितले.

उन्हं कलली तेव्हा दोनच गाड्या उरल्या होत्या, मीराबाईंची आणि यशदीपची.

भावनाने आधीच्या शर्यतीची नोंद लॅपटॉपवर उघडली. इंजिन कुठेही ठोकलं नव्हतं. यशदीपची गाडी हलकी होती, टर्बो मोठा होता, आणि वरच्या वेगात तो पुढे निघणार हे उघड होतं.

"थोडा दाब वाढवू का, आई?"

"मले काहून विचारते? मी चालवते. ते तुझं काम आहे."

भावनाने नोंद पुन्हा पहिल्यापासून पाहिली. दाब वाढवायला जागा होती. फार नाही, पण होती.

"वाढवते."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग वाढव," म्हणून मीराबाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

दिवे बदलले. सेडानची चाकं घसरली नाहीत. गाडी रेषेवरून सुटली तेव्हा यशदीपची चाकं अजून धूर काढत होती, पण दुसऱ्या गियरमध्ये त्याने वेग पकडला. तिसऱ्यात तो मागच्या दारापाशी आला, मग पुढच्या. कठड्याला रेललेल्या भावनाला फक्त इंजिनचा आवाज ऐकू येत होता. ती त्यात एकच गोष्ट शोधत होती, आणि तो खडखडाट आला नाही. दोन्ही गाड्या एकत्रच रेषेपार गेल्यासारख्या वाटल्या. शालिग्राम साहूंनी स्क्रीनकडे वाकून पाहिलं आणि माईकवर नाव घेतलं, "मीराबाई रामटेके, बीरगांव."

भावना धावत रस्त्याच्या टोकाला गेली. मीराबाई गाडीतून उतरून गुडघा चोळत होत्या. चेहरा लाल झाला होता.

"पाहिलं का?" त्या म्हणाल्या. "शेवटी तो पार माह्या आरशाशी होता. माहा पाय हलला नाही."

भावनाला एकदम रडू फुटलं. आईने तिला जवळ ओढून पाठीवर दोन थापा मारल्या, रेल्वेत सहकाऱ्याला मारतात तशा, जोरात. तेवढ्यात यशदीपने येऊन मीराबाईंच्या पायाला हात लावला. त्या एक पाऊल मागे सरल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "जय भीम, बेटा. तुझी गाडी जबरदस्त आहे. सुटताना घाई करतोस."

"सिखाओगी क्या, आंटी?"

"बीरगांवले ये. पण भावनाच्या गाडीवर शिकवीन, तुझ्या नाही."

सोमवारी भावनाने सेडानचे स्पार्क प्लग काढले. चारही टोकं कोरडी, साफ, कुठे चीर नाही की वितळलेला कण नाही. तिने ते ओळीने फडक्यावर मांडले आणि चहा घेऊन आलेल्या आईला दाखवले. मीराबाईंनी एक उचलून उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

"आता खऱ्या पंच्याऐंशीवर कधी चालवायची ते सांग," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.