मागचा आवाज

साधनानं डबीतला छापील कागद हळूच ओढून पर्समध्ये सरकवला आणि नुसती कॅसेट दौलतरावांच्या हातात ठेवली.

"अन् कव्हर कुठं आहे याचं? फोटो आला आहे म्हणते ना तुझा?"

"मुंबईलाच राहिलं, काका."

"राहू दे. आवाज तर आणला ना!" मराठी मंडळाचे अध्यक्ष दौलतराव लाउडस्पीकरवाल्याकडे वळले. "आपल्या सेक्टरची पोरगी आहे म्हटलं. कीर्तनाच्या आधी एक गाणं होऊन जाऊ दे."

रामनवमीची संध्याकाळ होती. हॉलमध्ये दोन कूलर घरघरत होते, बायका सतरंजीवर सरकून सरकून एकमेकींना जागा देत होत्या. मंचावर, कीर्तनकार मारोतबुवांच्या जागेच्या मागं, साधनाची आई कमलिनी झांजेची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं मोरपंखी पातळाची घडी आज मोडली होती. बुवा ओळ अर्ध्यावर सोडून दम घेतात, तेव्हा मागच्यानं ती उचलायची, खाली पडू द्यायची नाही. त्याला झील धरणं म्हणतात. साधना पाळण्यात होती तेव्हापासून मंडळात झील आईच धरत आली होती.

गाणं सुरू झालं. गिटार, मग साधनाचा आवाज, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचा दम सरतो तिथं मागून उठणारा तो दुसरा आवाज. थोडा खरखरीत, पण सुरात रुतलेला.

हे गाणं टेप झालं होतं ते आईच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. टेपमध्ये घरघर येऊ नये म्हणून कूलर बंद, पंखा बंद. टू-इन-वन रेडिओ-टेप ओट्यावर आणि साधना गिटार घेऊन पाटावर. घामानं बोटं तारांवरून घसरायची. दर वेळी त्याच जागी ओळ तुटायची. बाजूला आई मेथी निवडत बसलेली. एकदा ओळ तुटली तशी आईनं ती मागून उचलली, कोणाला न विचारता, कीर्तनात उचलावी तशी. साधना चकित होऊन थांबली.

"थांबली कावून वं? घे ना दम. मी धरून राहिली ना मागून."

मुंबईच्या त्या थंडगार ऑफिसात कॅसेट कंपनीच्या साहेबानं नेमका तिथंच टेप थांबवला होता.

"ये पीछे कौन है? एकदम देहाती आवाज़."

समोरच्या सोफ्यावरच्या दोन मुली हसल्या. त्या साहेबावर हसल्या की आवाजावर, हे साधनाला आजवर कळलं नव्हतं. पण तिचे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "हमारी बाई है. बर्तन मांजते हुए गाती है."

साहेबाला ते फार आवडलं. त्यानं आवाज ठेवला आणि ती गोष्टही ठेवली. छापून.

आता मंचावर आईनं डोळे मिटले होते. कॅसेटमध्ये आपला आवाज आहे, हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. साधना फोनवर म्हणाली होती, "आई, तुझा आवाज ठेवला त्यायनं." मग आई म्हणाली होती, "मी नाही सांगत कोणाले. आपल्या कानानं आयकू दे लोकायले."

लोक ऐकत होते.

"मागून कोण आहे वं ते?"

"आयकल्यासारखा वाटते आवाज."

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. साधनाला ते बघवेना. ती पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली.

"कव्हर नाही कसं?" शेजारच्या क्वार्टरमधल्या बेबीताई उठल्याच. "माझ्या जावयानं रायपूरहून आणली ना कॅसेट! हे घ्या, दौलतभाऊ, वाचा. आमच्या पोरीचं नाव आयकू द्या सगळ्यायले."

दौलतरावांनी चष्मा चढवला आणि माइक ओढला. इंग्रजी वाचायचं, मग मराठीत सांगायचं, असं भाषण केल्यासारखं त्यांचं चाललं. साधनाचं नाव झालं, टाळ्या झाल्या.

"आणि ज्या आवाजानं या गाण्याला मातीचा वास दिला, तो आवाज आहे…" ते जरा अडखळले. "साधनाच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा."

बेबीताई मोठ्यानं हसल्या. "अवं कमलिनी, तू तर जन्मात बाई लावली नाही वं! पोरीले भांडे घासाले लावे तू!"

हॉल हसला. आईनं साधनाकडे एकदाच पाहिलं. मग तिनं हातातली झांज मांडीवर पालथी ठेवली.

"होती एक," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आली होती चार दिवस. गेली आपल्या गावाले."

"चांगली गात होती, बाई," बेबीताई म्हणाल्या.

"हो. गात होती."

रामाच्या तसबिरीसमोर आई खोटं बोलली होती. तसबिरीला मघाशी तिनंच हार घातला होता.

बुवा उभे राहिले. त्यांनी नमन केलं, पद घेतलं, आळवत आळवत वर नेलं आणि डोळे मिटून ओळ सोडली. मागून कोणी उचलली नाही. हार्मोनियम एकटाच वाजत राहिला. बुवांनी वळून पाहिलं. आईनं गळ्याला हात लावून मान हलवली. तिची झांज मात्र ठेक्यात चालू होती.

"घसा बसला वाटते कमलिनीचा," कोणी तरी म्हणालं.

दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा कुठं साधनाच्या लक्षात आलं. तो आवाज अजून सगळ्यांच्या कानात ताजा होता. आईनं एक ओळ उचलली असती, तर अख्ख्या हॉलला कळलं असतं ती बाई कोण.

साधना उठली. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती मंचावर चढली आणि आईच्या बाजूला बसली. आईनं तिच्याकडे न बघता सरकून जागा दिली.

"म्हण ना, आई."

"चूप बस. हसतीन लोकं तुले."

"हसू दे."

साधनानं माइकची मान वळवून दोघींच्या मधोमध आणली. बुवांनी पुन्हा ओळ सोडली, आणि या वेळी ती साधनानं उचलली. अर्ध्यापर्यंत नेली. तिथं तिचा दम सरला की तिनंच तो सोडला, हे रामाला ठाऊक. अर्धी ओळ हॉलभर लोंबकळत राहिली.

आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग तिला राहवलं नाही. तिनं ओळ धरली.

बेबीताईंच्या हातातला पंखा थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग साधनाकडे पाहिलं. साधनानं नजर खाली घेतली नाही.