धनश्रीचं चुकीचं झाड

डोळे मिटा आणि एक झाड मनात आणा. खोड निळं. साल कापडाच्या ताग्यासारखी उलगडत जाणारी. पानं सुपाएवढी. फळं फांदीला नाहीत, फणसासारखी थेट खोडाला लगडलेली, पण बॉबिनच्या आकाराची. कोरड्या दिवशी ती फिकी जांभळी दिसतात, पाऊस पडला की गर्द. आलं डोळ्यांपुढे? मग तुम्हीही नापास.

हे झाड कापड-कारखान्यांच्या पांडेसऱ्यातल्या एका शाळेत, पाचवीतल्या धनश्रीने केलं होतं. शिक्षिका नूतनबेननी विषयच तसा दिला होता : कुणी कधी न पाहिलेलं फळझाड. फळं तिने रंगवली नव्हती, कापडाचे तुकडे चिकटवले होते. तिचे वडील शालिग्राम कापड रंगवण्याच्या कारखान्यात नमुन्याशी रंग जुळवायचे. नवे असताना त्यांनी घाईत ओला तागा पास केला. वाळल्यावर तो इतका फिका निघाला की सगळा माल पुन्हा रंगवावा लागला. तेव्हापासून घरात त्यांचं एकच पालुपद : "वला तागा देखीसन हो म्हणू नको, माय. वाळू दे, मंग देख."

आज पालक चित्रं बघायला येणार होते. शालिग्रामनी त्यासाठी पाळी बदलून घेतली होती. आणि भिंतीवर आता एकाच चित्राची जागा उरली होती.

"खोड तपकिरी असतं," नूतनबेन म्हणाल्या. न उगवलेल्या झाडांचाही त्यांचा अभ्यास दांडगा.

"पण बेन, हे कुणी पाहिलेलंच नाही ना?"

"म्हणून काय वाट्टेल ते काढायचं? योगराजचं बघ, काय कल्पना आहे!"

योगराजने आंबा काढला होता. खाली 'काल्पनिक' असं लिहायला मात्र तो विसरला नव्हता.

"आणि खाली काय लिहिलंय, पावसात रंग बदलतो म्हणे! नसलेल्या झाडाबद्दल खोटं लिहू नये, धनश्री. एक रंग ठरव, नाहीतर भिंतीवर आंबाच लागेल."

खरंच, केवढा हा गुन्हा.

इतक्यात दारात शालिग्राम येऊन उभे राहिले. बोटं अजून निळी होती. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, एकेक चित्र तपासत लेकीचं शोधलं आणि मग तिच्याकडे पाहिलं.

धनश्रीने चित्र उचलून बेनच्या टेबलावर आडवं ठेवलं. दप्तरातली बाटली काढली, झाकण उघडलं आणि फळांवर नीट, सावकाश पाऊस पाडला.

"आता बघा, बेन," ती म्हणाली. "आणि वाळेपर्यंत थांबा."