वजा वीस पाहुणे

सेलूच्या रूपरावजींकडे रविवारी सुरभीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, आणि गुरुवार उजाडला तरी जेवायला किती माणसं येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. यात नवीन काही नव्हतं. आमच्या भागात पाहुण्यांचा नेमका आकडा सांगणं शिष्टाचारात बसत नाही. 'आम्ही चौघं येतो' असं म्हणणारा माणूस एक तर बँकेत नोकरीला असतो किंवा रागावलेला असतो. चांगल्या घरची माणसं 'चार-पाच येतो' म्हणतात आणि सात येतात.

पण या वेळी घरात धनंजय होता. सुरभीचा मोठा भाऊ. पुण्यातल्या कंपनीचं काम तो सध्या सेलूच्या घरातल्या पलंगावरून करत होता. त्यानं संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती सगळ्या नातलगांना मोबाईलवर विचारणार, आलेला आकडा नोंदवणार, पोच देणार आणि शेवटी बेरीज सांगणार.

"बाबा, प्रत्येक घराच्या नावाचा एक डबा समजा," त्यानं रूपरावजींना सांगितलं. "त्यात त्याइचा आकडा. आता डब्याले गुण लावता येते. एक गुण लावला का डबा फक्त आकडेच ठेवते, बाकी अक्षरं-बिक्षरं नाई. दुसरा लावला का एकदा भरलेला डबा कोनाच्यानं बदलत नाई."

मोठ्या मुलीच्या लग्नात लोकांनी आयत्या वेळी आकडे बदलले होते आणि तिसऱ्या पंगतीला वांग्याच्या भाजीत वांगं नव्हतं. त्याला अकरा वर्षं झाली. गाव अजून विसरलं नव्हतं.

"दुसरा लाव," रूपरावजी म्हणाले. "पहिल्याचं तू पाह्य."

धनंजयनं दोन्ही लावले, स्क्रिप्ट सुरू केली आणि मीटिंगला बसला.

आंजीहून अण्णाजींचं उत्तर आलं. अण्णाजी म्हणजे मुलाचे वडील. माणूस सज्जन, पण मानपानाला कडक. त्यांनी याआधी एक स्थळ चहा गार आला म्हणून मोडलं होतं. ते त्यांच्याच घरात मोठ्या अभिमानानं सांगितलं जाई. त्यांनी रीतीप्रमाणे लिहिलं: 60-80. क्षणात पोच गेली:

'धन्यवाद. आपल्याकडील -20 पाहुण्यांची नोंद झाली आहे. आपण अवश्य यावे.'

अण्णाजींनी चष्मा पुसला आणि नुसतं 80 लिहून पाठवलं.

'क्षमस्व. आपला आकडा आता बदलता येणार नाही. नोंद: -20.'

मग फोन आला.

"रूपरावजी, आमची मानसं वजा काऊन केली? लोकं पाव्हण्याइले कमी लेखतात, ठीक हाये. तुमी तर शून्याच्या खाली नेले!" आणि फोन बंद.

धनंजय मीटिंग सोडून उठला. दहा मिनिटं स्क्रीनकडे पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं. आकडेच ठेवणारा तो गुण नुसता आकडे ठेवत नव्हता. डब्यात काहीही टाकलं की तो आधी त्याचं गणित सोडवत होता. साठातून ऐंशी गेले, वजा वीस. आणि दुसऱ्या गुणानं वर झाकण पक्कं बसवलं होतं.

"बाकीच्याइचं काय?" आनंदाबाईंनी, म्हणजे आईनं विचारलं.

"सगळ्याइनं तसंच लिवलं. चार-पाच, दहा-बारा. एकूण वजा त्र्याहत्तर."

"म्हंजे त्र्याहत्तर लोकं आपल्याले जेवाले घालतीन का?"

सुरभी दारात उभी होती. अण्णाजींचा रजत हा तिला भेटलेला पहिला मुलगा, जो तिचं वाक्य संपेपर्यंत थांबायचा. "दादा," ती म्हणाली, "त्याइनं एका गार चहासाठी सोयरीक मोडली होती. वजा वीस मानसं म्हंजे किती चहा होतात?"

धनंजयनं लॅपटॉप मिटला. बापलेक मोटरसायकलवर आंजीला निघाले.

अण्णाजींकडे पाणी आलं, पण गिलास न देता नुसता तांब्या पुढे आला. राग अजून उतरलेला नाही, हे रूपरावजींनी ओळखलं. धनंजयनं डबा, गुण, झाकण सगळं समजावलं. अण्णाजी छताकडे पाहत होते.

"डबा आमचा का तुमचा?" त्यांनी एवढंच विचारलं.

"अण्णाजी," रूपरावजी पुढे सरकले, "डबा सोडा. जावई घ्या. पोरगा आज आपल्या घरी आला तं ओट्यावर बसते, जे देसान ते खाते. उद्या त्याले जावई असा गुण लागला. पोरगा तोच, शर्टही तोच. पन म्हनते, पोह्यात शेंगदाने कमी हायेत. हे मशीनचं असंच झालं."

अण्णाजींची नजर छतावरून खाली आली. त्यांना दोन मुली होत्या.

"आमच्याकडे असे दोन हायेत," ते हळूच म्हणाले. "तेही एकदा भरल्यावर बदलता येत नाई."

आतून गिलास आले. मागोमाग चहा आला, चटका बसेल असा.

"आता दुरुस्त करतो, काका," धनंजय म्हणाला. "बंद करून नव्यानं चालू केलं का डबे रिकामे होते. तुमी फक्त एकच आकडा सांगा."

"सत्तर," अण्णाजी म्हणाले. थोडं थांबले. घाम पुसला. "म्हंजे, सत्तर-पंच्याहत्तर."

"वजा पाच होतात, काका."

"बरं, पंच्याहत्तरच लिव. पन मामाकडचे दोन-तीन इकडे-तिकडे होतीन."

"धनू, तो गुणच काढून टाक ना," रूपरावजी म्हणाले.

धनंजयनं दोन्ही गुण काढले, स्क्रिप्ट नव्यानं चालू केली आणि सगळ्यांची आलेली उत्तरं, अण्णाजींच्या सत्तर-पंच्याहत्तरसकट, पुन्हा भरली. डबे आता जे दिलं ते जसंच्या तसं ठेवू लागले, आणि बेरीज करायला सांगितली की एकापुढे एक चिकटवू लागले. एकूण संख्या मोबाईलच्या दोन ओळी भरून तिसरीवर गेली: 4-510-1270-75 आणि पुढे बरंच काही. त्यानं ती लपवायच्या आत अण्णाजींनी पाहिली.

"हा आकडा बरा हाये," ते समाधानानं म्हणाले. "मानाचा वाटते."

संध्याकाळी तो मानाचा आकडा तानबा आचाऱ्याला दाखवला. तानबानं तो शेवटपर्यंत वाचला, मोबाईल परत दिला आणि म्हणाला, "अडीचशे."

रविवारी सत्तर-पंच्याहत्तर म्हणालेले अण्णाजी चौऱ्याण्णव माणसं घेऊन आले. अंगठ्या झाल्या, तिसऱ्या पंगतीलाही वांगं मिळालं. लग्नाची तारीख ठरली, आणि रूपरावजींना राहवलं नाही. "लग्नाले किती मंडळी धरू?"

अण्णाजींनी धनंजयकडे पाहिलं. त्यांना पोराची दया आली असावी.

"तीनशे," ते म्हणाले. "एकच सांगतो. पक्के तीनशे."

वाढपी जागीच थांबले. भांडीवाल्या बायाही थांबल्या. सुरभीनं रजतकडे पाहिलं, रजतनं चपलांकडे. व्याही रागावले की काय, हे कुणालाच कळेना.

आनंदाबाई लगबगीनं पुढे आल्या. "असं नेमकं नका बोलू बाप्पा शुभकार्यात! तीनशे-साडेतीनशे म्हना."

"तीनशे-साडेतीनशे," अण्णाजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. धनंजयनं मोबाईल पालथा घातला आणि बासुंदी मागितली.