खालच्या कुरणाचं पाणी

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं यंदा पाटकऱ्याचं काम आमच्या घरावर आलं. वस्तीत दरवर्षी एका घराची पाळी असते. नवरा निकानोर खाली शहरात भिंती बांधायला गेलेला, म्हणजे पाटकरीण कोण? मी, दमियाना. फावडं खांद्यावर टाकायचं, पाट साफ करायचे, कुणाच्या कुरणात किती पाणी सोडायचं ते ठरवायचं आणि वर सगळ्यांच्या शिव्या खायच्या. शिव्यांचं मला काही नाही, मलाही येतात. पण यंदा पाणीच नव्हतं. आणि जे होतं त्यावर दोघींचा हक्क होता, एक मी आणि दुसरी माझी नणंद.

बाकीच्यांची कुरणं पलीकडच्या झऱ्यावर आहेत. आजोबांच्या ओढ्यावर आम्ही दोघीच. आजोबा म्हणजे आमचा बर्फाचा डोंगर. मी या घरात नांदायला आले तेव्हा बर्फ त्यांच्या खांद्यापर्यंत होता. आता टक्कल पडलंय, कानांवर तेवढी पांढरी झालर उरलीय. त्यांचं पाणी पाटात येतं आणि पाटाला दोन तोंडं आहेत. वरच्या तोंडानं माझं कुरण भिजतं, खालच्यानं वन्संचं. पूर्वी दोन्ही तोंडं उघडी ठेवली तरी आमच्या लोकरीच्या अल्पाका चरताना पोटापर्यंत ओल्या होऊन घरी यायच्या. आता निम्मं पाणी सोडलं तर ते दोन्हीकडे वाटेतच जिरतं.

वन्सं म्हणजे बासिलिया. निकानोरला आईच्या मागं त्यांनीच वाढवला. स्वतः लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणतात, "नवऱ्यापेक्षा अल्पाका बऱ्या. थुंकतात, पण वर्षातून एकदा लोकर तरी देतात." माझ्या स्वयंपाकाला त्यांनी नावं ठेवली नाहीत असा एक दिवस गेला नाही. मी चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा, शिजवला की तो काळा तुकडा बोटांत धरून विचारायच्या, "हा खायचा, की दारात कुत्र्याला मारायचा?" मी पण कमी नाही. पण मला मूल होताना गुडघाभर बर्फातून सुईण आणायला त्याच गेल्या होत्या. तेव्हा आमचं काय ते आमच्यात.

तर त्याच दिवसांत मारिबेल आली. विद्यापीठातली पोरगी, पण आजी पलीकडच्या खोऱ्यातली, त्यामुळे कोकाची पानं कशी चघळायची ते तिला शिकवावं लागलं नाही. तिच्याकडे पारदर्शक झाकणाची एक पेटी होती. पेटी कुरणाच्या हिरव्या गादीवर उपडी ठेवायची, नळी जोडायची आणि छोट्या पडद्यावर आकडा बघत बसायचं. उन्हात आकडा उतरला की कुरण हवा आत घेतंय. वर काळं कापड टाकलं की चढतो, कुरण हवा बाहेर सोडतंय.

"म्हणजे श्वास," मी म्हटलं.

"श्वासच, मावशी. दिवसा जेवढी हवा आत घेतं त्यातली थोडी ते खाली पुरून ठेवतं. ही काळी माती म्हणजे तेच. हजारो वर्षांचं साठलेलं. पाणी आणि थंडी आहे तोवर ते कुजत नाही."

"चुन्योच्या उलट," मी म्हटलं. "चुन्यो भिजला की कुजतो. हे सुकलं की कुजतं."

पोरगी इतकी खूश झाली की मलाच लाजल्यासारखं झालं. म्हणाली, आता बर्फ हटलाय, रात्री पूर्वीसारख्या गोठत नाहीत, पाऊस उशिरा येतो. मग माती रात्रभर जागी राहते आणि पुरलेलं उधळत बसते. माझ्या कुरणात तिनं खूप ठिकाणी पेटी ठेवली. दिवसाचं घेणं रात्रीच्या सोडण्यापेक्षा अजून जास्त होतं. फार नाही, पण होतं.

वन्सं बघायला आल्या त्या हातात काठी घेऊनच. "काय गं, गवताचा दमा तपासताय?"

"तुमचं पण तपासू, मावशी," मारिबेल म्हणाली.

"चल. माझं कुरण हिच्यासारखं आळशी नाही."

आम्ही तिघी खाली उतरलो. ऊन टळटळीत होतं. खालच्या कुरणाचा रंग लांबून हिरवट वाटायचा, पण पायाखाली कुरकुरायला लागलं तेव्हा मी मान खाली घातली. मारिबेलनं पेटी ठेवली. आकडा चढला. तिनं पेटी उचलली, हवा खेळवली, चार पावलं पलीकडे ठेवली. पुन्हा चढला. काळं कापड नव्हतं, ढग नव्हता.

"भर दुपारी?" वन्संनी विचारलं.

"हो मावशी."

"उन्हातसुद्धा सोडतंयच?"

वन्संनी कमरेची बाटली सोडली, त्यातलं पाणी त्या तपकिरी गादीवर ओतलं. पाणी मेणावरून ओघळावं तसं ओघळलं आणि भेगेत गेलं. गादी भिजली नाही. एकदा वाळली की ही माती पाणी पीत नाही, हे आम्हाला काय पेटीनं सांगायला हवं होतं? पण मी ते इतके महिने वन्संना बोलले नव्हते आणि त्या मला बोलल्या नव्हत्या. फक्त पाटाच्या तोंडाशी, जिथे थोडं पाणी पोचायचं, तिथे अंगणाएवढा तुकडा हिरवागार होता. तिथे पेटी ठेवली आणि आकडा उतरला.

"बघ," वन्सं म्हणाल्या, "आहे अजून जीव." आणि काठी टेकत घरी गेल्या. चहाला बोलावलं नाही.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. इकडे आड तिकडे विहीर! सगळं पाणी वर ठेवलं तर माझं कुरण तगेल आणि दोघींची जनावरं त्यावर कशीबशी जगतील. दोन्हीकडे वाटलं तर दोन्ही जातील. खाली सोडलं तर माझं सुकेल आणि त्यांचं उठणार नाही. उत्तर उघड होतं. पण ते उत्तर माझ्याच दारात येऊन थांबत होतं, त्याला मी काय करू? पाटावर भेटलेला वस्तीतला तेओदोसियो दात काढत म्हणालाच, "काय पाटकरीणबाई, यंदा कुंपणच शेत खाणार म्हणायचं!"

मी त्याला नको ते ऐकवलं. पण शब्द लागला तो लागला. ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला भरवलं तिचं पाणी मी तोडायचं? लोक काय म्हणतील, निकानोर काय म्हणेल? शेवटी मी ठरवलं, मरू दे, पाणी खाली सोडायचं. निदान तोंड दाखवायला जागा राहील.

पाटाच्या फाट्यावर वस्ती जमली. आजोबांना मद्याचा घोट वाहिला, कोका वाटला. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, "वरचं तोंड मी बुजवते. पाणी वन्संना."

मग तेओदोसियोच म्हणाला, "शाब्बास! मोठ्या मनाची बाई!" चार जणांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला.

"बस खाली," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, मी..."

"बस म्हटलं ना! शाबासकी हवीय होय गं तुला? माझं कुरण मेलंय. तू पाहिलंस, मी पाहिलं, त्या पोरीच्या पेटीनं पाहिलं. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालायला जिवंत मारायला निघालीस, आणि कशासाठी? ह्या तेओदोसियोनं चांगलं म्हणावं म्हणून? त्याची बायकोसुद्धा त्याचं ऐकत नाही!"

लोक हसले. तेओदोसियोही हसला, काय करणार. मला मात्र रडू फुटलं. इतक्या लोकांत, पाटकरीण असून, मी शालीचं टोक तोंडाला लावून हमसून रडले.

"तुमच्या पाटाचं तोंड मी कसं बुजवू?" मी म्हटलं. "माझ्या हातानं होणार नाही."

"तुझ्या हातानं कोण करायला सांगतंय?"

आता आमची रीत अशी. पाटाचं तोंड दगडानं बुजत नाही, पाणी फटींतून निघतं. त्याला हिरव्या जिवंत ढेपाच लागतात, मुळांसकट कापलेल्या. आणि दुसऱ्याचं पाणी जो तोडतो, त्यानं त्या ढेपा आपल्या कुरणातून कापायच्या. कापल्या जागी भोक पडतं, कडा सुकतात, कधी कधी ते भरतच नाही. दुसऱ्याचं पाणी तोडणं कुणाला स्वस्त पडू नये म्हणून पूर्वजांनी ही मेख मारून ठेवलीय. मी डोळे पुसून फावडं उचललं आणि माझ्या कुरणाकडे वळले.

वन्संनी फावडं धरलं. "तुझ्या कुरणात भोक पाडायचं नाही. आता दोन्ही कळपांना तेवढंच आहे."

"मग ढेपा कुठून आणणार?"

त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि खाली गेल्या, तोंडाजवळच्या त्या अंगणाएवढ्या तुकड्यावर. कुणी मदतीला पुढं झालं की नुसतं बघायच्या, माणूस मागं व्हायचा. एकेक ढेप कापून रंगीत चादरीत घालून, तान्हं मूल बांधतात तशी पाठीला बांधून वर आणली. पाटात उतरल्या, स्कर्ट खोचला आणि अनवाणी पायानं दाबून दाबून बसवली. शेवटची ढेप बसली तेव्हा खालच्या पाटातला आवाज बंद झाला. मारिबेल पाठ करून उभी होती. मी हात दिला, वन्सं तो धरून वर आल्या आणि म्हणाल्या, "गार आहे गं पाणी. अजून गार आहे." मग त्यांनी सगळ्यांना जेवून जायला सांगितलं. माझ्या घरी, मला न विचारता!

त्यांचा कळप संध्याकाळी माझ्या जनावरांच्या वाड्यात आला. जनावरं एकमेकांवर थुंकली, मग गप्प बसली. वन्संना मी चुलीजवळ अंथरूण घातलं. "या घरात धूर फार," म्हणाल्या आणि झोपल्या.

सकाळी उठले तर अंथरूण रिकामं आणि वाडा अर्धा रिकामा. बाहेर येऊन बघते तर वन्संची जनावरं ओळीनं खालच्या कुरणाकडे निघालेली. मुकी जनावरं, इतक्या वर्षांची वाट, त्यांना काय ठाऊक? मी दगड हातात घेऊन, शीळ घालत धावत सुटले. बुजवलेल्या तोंडाशी त्यांना गाठलं. सगळा कळप तिथे थांबलेला. वन्संना मागं शोधलं, त्या मागं नव्हत्या. सगळ्यांच्या पुढं होत्या, कोरड्या पाटात उभ्या.

"त्यांना मारू नकोस गं," वन्सं म्हणाल्या. "मीच घेऊन निघाले होते, सवयीनं."